नियमापलीकडचा खेळाडू

बँकेतल्या नोकरीने मला एक सवय लावली. नियमाला अपवाद दिसला, की त्याचे कारण शोधायचे. अमेरिकेत कूपर्सटाऊनच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात जागा मिळवायची, तर निवृत्तीनंतर ५ वर्षे थांबावे लागते. मग क्रीडापत्रकारांची ७५ टक्के मते हवीत. प्युर्टो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे मात्र अपवाद ठरला. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने ३०००वा यशस्वी फटका मारला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत मधल्यामध्येच गडप होते, हे कानावर येताच तो स्वतः निघाला. ३१ डिसेंबरला विमान समुद्रात कोसळले. वय अवघे ३८. १९७३ मध्ये खास मतदान झाले. ४२४ पैकी ३९३ मते त्याला पडली. पुढे दिवंगत खेळाडूंसाठी ५ वर्षांची अट ६ महिन्यांवर आली. अपवादाचाच नियम झाला.