जफरुल्ला खान आणि कलम १८

भारतीय वाचकांच्या स्मरणात सर मोहम्मद जफरुल्ला खान हे नाव काश्मीरशी जोडलेले आहे. जानेवारी १९४८ मध्ये भारताने काश्मीरची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेली, तेव्हा गोपालस्वामी अय्यंगार यांच्या मांडणीला प्रदीर्घ उत्तर देऊन चर्चेचा रोखच बदलून टाकणारे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री ते हेच. आपल्याकडे त्यांच्याविषयी कटुता राहिली, ती स्वाभाविकही होती. मात्र ज्या देशासाठी त्यांनी ही वकिली केली, त्या देशाने त्यांच्या पंथाला कसे वागवले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

जफरुल्ला खान यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८९३ रोजी सियालकोट येथे झाला. वडील नसरुल्ला खान वकील होते आणि १९०४ मध्ये ते अहमदिया पंथात सामील झाले. पंजाबमधील कादियान गावच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी १८८९ मध्ये या पंथाची स्थापना केली होती. संस्थापकांनी स्वतःविषयी केलेले दावे प्रेषितपरंपरा महंमदांपाशी संपली या श्रद्धेला छेद देतात, असे बहुसंख्य मुस्लिम उलेमांचे मत होते आणि आहे. वादाचे मूळ तेथे आहे. अहमदी मात्र स्वतःला मुस्लिमच मानतात.

लाहोर आणि लंडन येथे शिकून १९१४ मध्ये जफरुल्ला बॅरिस्टर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बॅ. मुकुंदराव जयकर ज्या तिन्ही गोलमेज परिषदांना उपस्थित होते, त्यांत जफरुल्लाही होते. १९३१ मध्ये ते मुस्लिम लीगचे अध्यक्ष झाले, तेव्हाही पंथावरून त्यांना विरोध झालाच. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व आणि १९४१ पासून फेडरल कोर्टाचे न्यायाधीशपद, अशी त्यांची वाटचाल ब्रिटिश राजवटीतील एखाद्या कर्तबगार कायदेपंडिताला शोभेशीच होती.

जुलै १९४७ मध्ये सीमा आयोगापुढे लीगची बाजू मांडण्याचे काम जिनांनी त्यांच्यावर सोपवले. निकाल लागला तेव्हा गुरुदासपूर जिल्ह्याचा बहुतेक भाग भारताकडे आला आणि त्यात कादियानही होते. म्हणजे लीगच्या वकिलाने आपल्या पंथाचे मूळ केंद्रच गमावले. मूठभर अनुयायांना मागे ठेवून पंथाचे प्रमुख लाहोरला गेले आणि सप्टेंबर १९४८ मध्ये चिनाब नदीकाठच्या सुमारे एक हजार एकर ओसाड, खारट जमिनीवर त्यांनी रबवा हे नवे गाव वसवले. पुढे विरोधकांनी गुरुदासपूर गेल्याचे खापरही जफरुल्लांवरच फोडले. सीमा आयोगाचे सदस्य राहिलेल्या न्या. मुनीर यांना हा आरोप अजिबात मान्य नव्हता.

११ सप्टेंबर १९४८ रोजी जिनांचे निधन झाले. अंत्यविधीची नमाज मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी चालवली. हे मौलाना अहमदींना मुस्लिम मानत नसत, आणि परराष्ट्रमंत्री त्या नमाजात सामील न होता बाजूला थांबले. विरोधकांनी पुढे वर्षानुवर्षे या प्रसंगाचे भांडवल केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा मतास आला. त्यातील कलम १८ श्रद्धेचे आणि श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य देते. सौदी अरेबियाचा त्याला आक्षेप होता आणि तो मतदानापासून दूर राहिला. जफरुल्लांनी मात्र कुराणाचाच आधार घेऊन कलमाचे समर्थन केले आणि पाकिस्तानचे मत जाहीरनाम्याच्या बाजूने पडले. त्याच जाहीरनाम्याचे कलम १३ माणसाला आपल्या देशात कोठेही राहण्याचा आणि देश सोडण्याचा हक्क देते, तर कलम १४ छळापासून बचावासाठी परदेशात आश्रय मागण्याचा.

हेच जफरुल्ला तीन महिन्यांनी कराचीच्या घटना समितीत मात्र वेगळ्या बाजूला उभे दिसतात. मार्च १९४९ च्या उद्दिष्टांच्या ठरावाने राज्यघटनेला इस्लामी पाया दिला. पूर्व बंगालच्या हिंदू सदस्यांनी त्याला विरोध केला, कारण धर्माच्या नावावर उभ्या राहणाऱ्या राज्यात अल्पसंख्याकांचे काय होईल ही शंका त्यांच्या मनात होती. ठरावाचे समर्थन करताना जफरुल्लांनी इस्लाममधील सहिष्णुतेची ग्वाही दिली. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, पण त्या हिंदू सदस्यांची शंका अधिक दूरदृष्टीची ठरली, हे मान्य करावे लागते.

मे १९५२ मध्ये कराचीच्या जहांगीर पार्कमध्ये अहमदियांची जाहीर सभा झाली. पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांची नापसंती असूनही जफरुल्ला तेथे बोलले. सभेत गोंधळ झाला आणि धार्मिक पक्षांच्या आंदोलनाला धार आली. अहमदींना बिगरमुस्लिम ठरवा, जफरुल्लांना मंत्रिमंडळातून काढा आणि मोक्याच्या जागांवरील सर्व अहमदींना हटवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. देशात तेव्हा धान्यटंचाई होती आणि अमेरिकेकडून गहू हवा होता. परदेशांत वजन असलेल्या मंत्र्याला धर्मावरून काढणे नाझिमुद्दीन यांना परवडणारे नव्हते. १९५३ च्या प्रारंभी पंजाब पेटला आणि ६ मार्चला लाहोरमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. न्या. मुनीर आणि न्या. कयानी यांच्या चौकशी समितीने उलेमांना मुस्लिम कोणाला म्हणावे, असे विचारले, तेव्हा कोणाही दोघांचे उत्तर जुळले नाही. हा अहवाल आजही मुळातून वाचण्याजोगा आहे.

१९५४ मध्ये जफरुल्ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, तेही भारताच्या बेनेगल नरसिंह राव यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर. १९६२ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे आणि १९७० मध्ये त्या न्यायालयाचे अध्यक्ष झाले. ही दोन्ही पदे भूषवणारे ते एकमेव. १९७३ मध्ये निवृत्त होऊन ते लंडनला अत्यंत साधेपणाने राहू लागले.

दुसऱ्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी झुल्फिकार अली भुट्टो यांच्या कारकिर्दीत पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदींना बिगरमुस्लिम ठरवले. १९५३ मधील एका जमावाची मागणी १९७४ मध्ये राज्यघटनेचा भाग झाली. तरीही १९८३ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, जफरुल्ला लंडन सोडून लाहोरला परतले. एप्रिल १९८४ मध्ये जनरल झिया यांनी वटहुकूम क्रमांक २० काढला. अहमदीने स्वतःला मुस्लिम म्हणवणे, प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे, आपल्या श्रद्धेचा प्रचार करणे हे सारे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हे ठरले. त्याच महिनाअखेरीस पंथाचे चौथे प्रमुख मिर्झा ताहिर अहमद देश सोडून लंडनला गेले. वृद्ध जफरुल्ला मात्र लाहोरमध्येच राहिले. १ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले आणि त्यांना रबवा येथे दफन करण्यात आले.

रबवाची बहुतेक वस्ती अहमदींची, त्यामुळे तेथे तरी सुरक्षितता असेल असे बाहेरच्याला वाटते. पण कायदा तेथेही तोच. डिसेंबर १९८९ मध्ये गावातील समस्त अहमदी रहिवाशांवर एकत्रितपणे गुन्हा नोंदवण्यात आला. १९९९ मध्ये गावाचे नावही बदलून चनाबनगर करण्यात आले. पारपत्रासाठी अर्ज करणाऱ्याला स्वतःला मुस्लिम म्हणवायचे असेल, तर मिर्झा गुलाम अहमद यांना नाकारणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते. कराचीला जा की क्वेट्ट्याला, हा मजकूर बदलत नाही. २८ मे २०१० रोजी लाहोरमधील दोन अहमदी प्रार्थनास्थळांवर झालेल्या हल्ल्यांत ऐंशीहून अधिक माणसे मारली गेली. त्याच शहरात जफरुल्लांनी वकिली केली होती.

युरोपात आश्रय मागणाऱ्या अहमदींपुढे एक प्रश्न नेहमी ठेवला जाई. गावात धोका असेल तर देशातच दुसरीकडे का राहत नाही? रबवाचे नाव त्यासाठी सोयीचे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये जर्मनीतील दोन पाकिस्तानी अहमदींच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ठरवले की, छळ टाळण्यासाठी आपले धर्माचरण सोडून द्या, असे आश्रय मागणाऱ्याला सांगता येत नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या अपर ट्रायब्युनलने पाकिस्तानातील परिस्थिती तपासली. निर्बंध देशभर लागू आहेत, त्यामुळे ज्याला आपली श्रद्धा उघडपणे पाळणे खरोखर महत्त्वाचे वाटते, त्याला रबवाला जाऊन राहा असे सांगणे सर्वसाधारणपणे वाजवी ठरत नाही, असा निर्णय त्याने दिला.