शुश्रूषेला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंना आपण सारे ओळखतो. पण मराठी घरांतील स्त्रियांना परिचारिकेचा मार्ग दाखवणाऱ्या रमाबाईंची आठवण आपण क्वचितच काढतो.

१८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पुढचे शिक्षण पतीने दिले. १९०१ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी समाजकार्याला वाहून घेतले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले.

परक्या रुग्णाची सेवा करणे त्या काळी घरंदाज बाईला कमीपणाचे समजत. रमाबाईंनी नुसता उपदेश केला नाही, व्यवस्था लावली : ससून इस्पितळात प्रत्यक्ष शिक्षण आणि राहायला वसतिगृह. सेवासदनात तरुण विधवाही शिकत. बक्षीस समारंभात अशाच एका विद्यार्थिनीची प्रेक्षकांतील तरुणांनी टिंगल केली, तेव्हा रमाबाईंनी भरसभेत त्यांची कानउघाडणी केली.

१९२४ मध्ये त्या गेल्या. आज आपली लेक नर्सिंगला जायचे म्हणते तेव्हा कुणी नाक मुरडू नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.