गिल्बर्ट न्यूटन लुईस
गिल्बर्ट न्यूटन लुईस (२३ ऑक्टोबर, १८७५ - २३ मार्च, १९४६) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. रेणूंची व आयनांची इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मॅसॅच्युसेट्समधील वेमथ येथे जन्मलेल्या लुईस यांनी १८९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९१२ पासून ते बर्कली येथे होते.

दोन अणूंत सामाईक असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजेच बंध, हा विचार त्यांनी १९१६ च्या शोधनिबंधात मांडला. त्याने अमोनियम क्लोराइडचे जुने कोडे सुटले. त्यात नायट्रोजनची संयुजा पाच मानावी लागे. लुईस यांच्या मांडणीत अमोनियातील नायट्रोजनची मोकळी जोडी चौथ्या हायड्रोजनला धरते. नायट्रोजनचे पाच व चार हायड्रोजनचे चार अशा नऊ संयुजा इलेक्ट्रॉनांतून धनप्रभारापोटी एक वजा होतो (विद्यार्थी नेमके हेच विसरतात) आणि आठ, म्हणजे चार सारखे बंध उरतात. क्लोराइड आयन नायट्रोजनला जोडलेला नसतो. तो केवळ विद्युत आकर्षणाने जवळ राहतो.

चाळीसहून अधिक नामांकने होऊनही त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. त्यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड युरी यांना मात्र ते १९३४ मध्ये मिळाले. बर्कलीच्या प्रयोगशाळेतच लुईस यांचे निधन झाले.