बालोद्यानाचा माळी : फ्रेडरिक फ्रोबेल

उचगावच्या बालवाडीत बाईंनी आम्हांला अक्षरांच्याही आधी कागदाची घडी शिकवली. वहीचे पान घ्यायचे, त्याची वरची आखूड कड बाजूच्या लांब कडेवर जुळेल असा कोपरा वळवायचा, घडी नखाने दाबायची आणि खाली उरलेला तुकडा फाडून टाकायचा. पान उघडले की चौरस तयार! मोजपट्टी नको की पेन्सिल नको. अशा घड्यांना बालशिक्षणात मानाचे स्थान मिळवून देणारा माणूस जर्मन होता, हे मला कॉलेजात आल्यावर समजले.

फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियातील एका खेड्यात झाला. नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील धर्मोपदेशक, त्यांना गावाच्या कामातून सवड नसे, आणि सावत्र आईची माया लाभली नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास मामाने घरी नेले, तेव्हा कुठे या मुलाला मोकळेपणाने खेळायला मिळाले. पुढे वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी झाली, येना विद्यापीठात शिक्षण झाले, आणि तिथेच कर्ज न फिटल्याने नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीतही बसावे लागले. (आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही नोंद अवश्य घ्यावी!)

१८०५ साली फ्रँकफुर्टच्या शाळेत ते शिकवू लागले आणि आपली जागा त्यांना सापडली. नंतर दोन वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझींच्या सहवासात काढली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून गेले आणि परतल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात काम करू लागले. तिथे रोज स्फटिक हाताळायचे. कडा, कोपरे, पृष्ठे यांचे वेड त्यांना तिथेच लागले असावे, असे मला वाटते.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. चेंडू, ठोकळे, विणकाम यांच्या जोडीला तिथे कागदाच्या घड्याही होत्या. चौरसाचे चारही कोपरे मध्यबिंदूपाशी आणून दुमडले की नवा लहान चौरस होतो. तो मूळच्या बरोबर निम्मा. हे मुलाला सांगावे लागत नाही, हातालाच कळते. हे झाले ज्ञानाचे रूप. त्याच कागदाची नक्षी केली तर सौंदर्याचे रूप, आणि रोजच्या पाहण्यातली वस्तू केली तर जीवनाचे. आम्ही पावसाळ्यात दारापुढच्या ओहोळात सोडायचो ती होडी या तिसऱ्या प्रकारातली. शेजारची कन्नड मुले तिला दोणी म्हणत. घडी मात्र एकच.

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवते, असा आरोप होता. वास्तविक सरकारचा रोख होता पुतण्या कार्ल फ्रोबेलच्या लिखाणावर; नावाच्या घोटाळ्यात काकांची बाग बंद पडली. फ्रोबेल यांनी खुलासे केले, पण उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी ते वारले. बंदी उठली ती १८६० मध्ये.

त्यानंतर ही बाग देशोदेशी गेली. १८७६ मध्ये टोकियोत किंडरगार्टन सुरू झाले. कागदाच्या घड्या जिथे मुळातच घरोघरी होत्या, त्या जपानात फ्रोबेल यांच्याही घड्या जाऊन मिसळल्या. आणि १८९३ मध्ये मद्रासला टी. सुंदर राव यांनी केवळ कागद दुमडून भूमिती शिकवणारे पुस्तक काढले. त्याची कल्पना आपल्याला किंडरगार्टनच्या घड्यांवरूनच सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.