योआखिम-एर्न्स्ट बेरेंट

योआखिम-एर्न्स्ट बेरेंट (२० जुलै १९२२, बर्लिन – ४ फेब्रुवारी २०००, हॅम्बुर्ग) हे जर्मन जॅझ समीक्षक, नभोवाणी निवेदक व संगीतनिर्माते होते. नाझी राजवटीने हीन ठरवलेल्या जॅझला युद्धोत्तर जर्मनीत गंभीर कला म्हणून मान्यता मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पूर्वायुष्य

बेरेंट यांचे वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. चर्चवरील नाझी नियंत्रण नाकारणाऱ्या गटात ते सामील होते. १९४२ मध्ये दाखाऊ छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. नाझी सरकारने १९३५ मध्ये जर्मन नभोवाणीवरून जॅझच्या प्रसारणास बंदी घातली होती. बेरेंट यांच्या पिढीला हे संगीत त्यामुळे चोरूनच ऐकावे लागे.

नभोवाणी व समीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच ताब्यातील प्रदेशात, बाडेन-बाडेन येथे, स्थापन झालेल्या ज्यूडवेस्टफुंक या नभोवाणी संस्थेच्या उभारणीत बेरेंट यांनी भाग घेतला. तेथील जॅझ विभागाची धुरा त्यांनी १९८७ पर्यंत सांभाळली. केवळ ध्वनिमुद्रिका न वाजवता वादकांची शैली, त्यांची परंपरा आणि संगीतामागील सामाजिक परिस्थिती ते श्रोत्यांना समजावून सांगत.

१९५३ मध्ये त्यांचे ‘दास याझबूख’ (जॅझचे पुस्तक) प्रसिद्ध झाले. शैली, वादक, वाद्ये व सांगीतिक घटक अशा विभागांत मांडणी केलेल्या या ग्रंथाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि विविध भाषांत अनुवाद झाले. त्याच वर्षी ‘मेर्कुर’ या नियतकालिकात तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांच्याशी त्यांचा वाद झाला. अडोर्नो यांना नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला होता. तरीही जॅझ म्हणजे ठराविक साच्यातील बाजारू करमणूक आहे, असे त्यांचे मत होते. बेरेंट यांनी जॅझमधील उत्स्फूर्त वादनाचे कलामूल्य मांडून त्याला उत्तर दिले.

महोत्सव व ध्वनिमुद्रण

१९६२ पासून युरोपात भरलेल्या ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’च्या आणि १९६४ मध्ये सुरू झालेल्या बर्लिन जॅझ महोत्सवाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. निरनिराळ्या देशांच्या संगीतपरंपरांशी जॅझचा मेळ घालणारी ध्वनिमुद्रिकांची एक मालिकाही त्यांनी निर्माण केली. त्यांपैकी १९६७ मधील ‘जॅझ मीट्स इंडिया’त स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या त्रिकुटासोबत सतारवादक दिवाण मोतिहार आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले तबलावादक केशव साठे यांचे वादन आहे.

उत्तरायुष्य

पुढे बेरेंट श्रवण व अध्यात्म यांच्या संबंधाकडे वळले. १९८३ मधील त्यांच्या ‘नाद ब्रह्म’ या ग्रंथाचे शीर्षक भारतीय संगीतविचारातून घेतले आहे. विश्वाचे मूळ स्वरूप ध्वनिमय आहे, हे त्यातील प्रतिपादन लोकप्रिय झाले. मात्र त्याच्या शास्त्रीय आधाराबाबत आक्षेपही घेतले गेले. रस्त्यावरील अपघातानंतर त्यांचे निधन झाले. डार्मश्टाट शहराने विकत घेतलेला त्यांचा ध्वनिमुद्रिका व पुस्तकांचा संग्रह तेथील जॅझ संशोधन संस्थेचा पाया ठरला.