मित्रासाठी सातासमुद्रापार : दादासाहेब खापर्डे



आपल्या अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झाले ते १६ एप्रिल २०२५ रोजी, बेलोऱ्याहून. त्याआधी आपण सगळे बडनेऱ्याच्या फलाटावरच एकमेकांना निरोप देत आलो. याच वाटेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमरावतीचे एक वकील थेट लंडनला गेले. स्वतःच्या कामासाठी नव्हे, तर तुरुंगातल्या मित्रासाठी. त्यांचे नाव गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे.

दादासाहेबांचा जन्म १८५४ सालचा. मुंबईत शिक्षण झाले. काही वर्षे वऱ्हाडात सरकारी नोकरी केली, मग ती सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. नाव झाले, पैसा आला, घर माणसांनी भरले. त्यांचा थाट पाहून लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. १८९७ साली अमरावतीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. लोकमान्य टिळकांशी त्यांचा जिवाभावाचा स्नेह होता.

जुलै १९०८ मध्ये केसरीतील लेखांवरून टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. आता दाद मागायची तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच. त्यासाठी तिथे कोणीतरी जायला हवे होते. दादासाहेब तेव्हा ५३ वर्षांचे होते. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांनी चालती वकिली बाजूला ठेवली, पत्नी लक्ष्मीबाईंवर घर सोपवले आणि मुंबईहून आगबोट धरली.

त्या काळचा प्रवास कसा होता, हे आज आपल्या ध्यानात येत नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली लिस्बनहून शिडाच्या जहाजाने निघाले, ते आफ्रिकेला वळसा घालून तेरा महिन्यांनी गोव्याला पोहोचले. १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली आणि तोच प्रवास दोन-तीन आठवड्यांवर आला. तरीही पत्र लिहून उत्तर यायला महिना सहज उलटे. घरी कोणी आजारी पडले तर बातमी कळेपर्यंत माणूस बरा झालेला असे किंवा गेलेला असे. शिवाय समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मागणारे लोकही तेव्हा होतेच.

लंडनमध्ये दादासाहेबांच्या पदरी निराशाच आली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाला परवानगी नाकारली. एवढ्यावर ते परत येऊ शकले असते, कोणी दोष दिला नसता. पण ते थांबले. इंग्लंडमधील लोकांपुढे आणि पुढाऱ्यांपुढे टिळकांची बाजू मांडत राहिले. अशी दोन वर्षे गेली. शिक्षा मात्र टळली नाही.

१९१० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी इंग्लंड सोडले. दोन वर्षे घर पाहिले नव्हते, तरी त्यांनी आधी घर न गाठता रंगून गाठले. तिथून मंडाले रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटर. ऑक्टोबर महिन्यात तुरुंगात त्यांची आणि टिळकांची भेट झाली. इतक्या लांबून आलेल्या मित्राजवळ सुटकेची बातमी नव्हती. तो फक्त भेटायला आला होता. त्याच हिवाळ्यात टिळकांनी त्या तुरुंगात गीतारहस्य लिहून काढले. त्यांची सुटका झाली ती १९१४ सालीच.

दादासाहेब पुढेही सार्वजनिक कामात राहिले. १९१९ मध्ये होमरूल लीगच्या शिष्टमंडळातून ते पुन्हा इंग्लंडला गेले. १९३८ साली त्यांचे निधन झाले. ते वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत. शिर्डीतील मुक्कामाच्या त्यांच्या नोंदी अनेकांनी वाचल्या आहेत.

दादासाहेबांचा तो प्रवास वाया गेला का? अपील हरले, पैसा गेला, चालती वकिली मोडली. हिशेब मांडला तर हाती काहीच उरत नाही. पण मंडालेच्या कोठडीतल्या माणसाला विचारले असते तर त्याने वेगळा हिशेब सांगितला असता, असे आम्हाला वाटते. बंदिवासात असलेल्याला भेटणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत मोजले आहे. त्या भेटीत त्याला सोडवून आणण्याची अट नाही.

आज आपली मुले पुण्याला, आखातात, त्याहूनही दूर आहेत आणि फोन तर क्षणात लागतो. मात्र आपल्याच गल्लीतला आजारी शेजारी किंवा जिल्हा कारागृहात नातेवाईक असलेले घर आपल्याला फार लांब वाटते. आपल्या हातून त्यांचे काही काम होणार नसेल, म्हणून आपण जायचे टाळतो. या आठवड्यात अशा एका घरी तरी आपण रिकाम्या हाताने का होईना, जाऊन येऊ या.