चित्राबाहेरचा पिता

राजा रविवर्मा यांचे नाव निघताच लक्ष्मी-सरस्वतींची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. मला मात्र त्यांचे १८९३ सालचे एक घरगुती चित्र अधिक मोलाचे वाटते.

केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली त्यांचा जन्म झाला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले आणि संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकरिता त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढून देवदेवता घरोघर नेल्या. प्रवासात धाकटे बंधू राजराजवर्मा सोबत असत. पत्नी व मुले मात्र दूर मावेलिक्करा येथे राहत.

त्या चित्रात शुभ्रवस्त्रा तरुणी बाळाला कडेवर घेऊन उभी आहे. जवळच कुत्रा आहे. बाबा आले, असे बाळास सांगत ती डावीकडे बोट दाखविते. पण बाबा चौकटीत नाहीतच! ही तरुणी म्हणजे रविवर्म्यांची ज्येष्ठ कन्या महाप्रभा. त्यांच्या दमयंती-शकुंतलांच्या मुद्रेत कधीकधी रंगभूमीचा अभिनय डोकावतो. येथे तो लवमात्र नाही. मुखावर आनंद आहे, पण तो आवरलेला, वाट पाहण्याची सवय जडलेल्या माणसाचा. तेथील मातृवंशीय कुटुंबांत मुले आईच्या घरी वाढत, पिता बहुधा पाहुण्यासारखा येई. सदैव प्रवासात असणाऱ्या या चित्रकाराची वाट महाप्रभेनेही बालपणी अशीच पाहिली असेल. कन्येची ती नजर रंगविताना पित्याच्या मनात काय आले असेल?

१९०६ साली रविवर्मा निवर्तले. महाप्रभेची कन्या सेतु लक्ष्मीबाई पुढे १९२४ साली त्रावणकोरची राजप्रतिनिधी झाली.